धबधबा पुढील आदेशापर्यंत बंद

पावसाळा आला हे पूर्वी पावशा पक्षी सांगत असे. पुढे ते काम कुलाब्याच्या वेधशाळेने अंगावर घेतले आणि पावशाची अब्रू वाचली. हल्ली आमच्या घरी या दोघांच्याही भरवशावर कोणी राहत नाही. जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई आदेश वर्तमानपत्रात आला की आमची ही माळ्यावरून छत्र्या काढते.

आदेशाचा मसुदा दरवर्षी साधारण एकच असतो. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत खालील धबधबे, धरणे, गड, घाट आणि कडे येथे पाण्यात उतरण्यास, काठावर बसण्यास, फोटो काढण्यास, मद्य बाळगण्यास आणि मोठ्याने गाणी लावण्यास मनाई आहे. त्याखाली तालुकावार यादी. ही यादी मी दरवर्षी कापून ठेवतो. सह्याद्रीतल्या देखण्या जागांची इतकी भरगच्च यादी मला एकाही प्रवासाच्या पुस्तकात सापडलेली नाही. आमचे कॅशियर तर सहल तिच्यावरूनच ठरवतात. ‘ज्याला बंदी नाही तिथं बघण्यासारखं काही नसणार,’ असा त्यांचा सरळ हिशेब आहे.

पूर्वी हा आदेश १४४ कलमाखाली निघायचा. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता आली आणि त्याचे १६३ झाले. आमच्या बँकेतही असेच होते. फॉर्मचा नंबर बदलतो, रंग बदलतो, वरचा शिक्का बदलतो. रांगेत उभा राहून ‘माझं काम कधी होणार?’ विचारणारा म्हातारा तेवढा तोच असतो.

आता ही सगळीच हसण्यावारी न्यायची गोष्ट आहे असे नाही. ३० जून २०२४ चा रविवार कोण विसरेल? लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या ओढ्यात एक कुटुंब उभे होते. वरच्या डोंगरात पाऊस वाढला, पाहता पाहता पाणी चढले आणि ती माणसे मध्यावर अडकली. एकमेकांना घट्ट धरून उभी राहिलेली ती माणसे साऱ्या महाराष्ट्राने चित्रफितीत पाहिली. पाच जण गेले, त्यांत चार मुले. मी ती चित्रफीत एकदा पाहिली, दुसऱ्यांदा पाहवली नाही. त्यानंतर आदेश निघाला. पुढल्याच वर्षी १५ जूनला, तोही रविवारच, तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांसकट कोसळला. चौघे गेले, कितीतरी जखमी झाले. हा पूल धोकादायक आहे, असा फलक तिथे होता. फलक आपल्या जागी होता. त्याच्या शेजारी ‘दादा, एका वेळी इतके जण नको’ असे म्हणणारा माणूस तेवढा नव्हता.

माझे भांडण आहे ते एवढ्यावरच. आदेश निघतो, फलक लागतो, आणि काम झाले अशी नोंद होते. एक माणूस, एक दोर आणि एक शिट्टी एवढे काही तिथवर पोहोचत नाही.

बँकेत असे चालते का? दर नोव्हेंबरात आमच्याकडे हयातीच्या दाखल्याची झुंबड उडते. आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायला गावातले सगळे पेन्शनर एकाच सकाळी येतात आणि त्या गर्दीत दोघाचौघांच्या हयातीविषयी खरोखरच शंका येऊ लागते. या धबधब्याच्या न्यायाने आमच्या मॅनेजरांनी दारावर पाटी लावायला हवी: ‘चेंगराचेंगरीची शक्यता असल्याने १ ते ३० नोव्हेंबर पेन्शनरांस बँकेत येण्यास मनाई.’ किती सोपे! पण आम्ही टोकन देतो, दोरी बांधतो, एक काउंटर वाढवतो, बाहेर मांडवात खुर्च्या टाकतो. आणि दारात शिपाई उभा करतो. तो तोंडाने तुसडा असला तरी ‘आजोबा, पायरी आहे’ एवढे वेळेवर म्हणतो. सगळा कारभार त्या ‘पायरी आहे’वर चालतो.

मी बी.कॉम. आहे. त्या तीन वर्षांतले फारसे काही लक्षात नाही, पण माल बंद केला म्हणून गिऱ्हाईक घरी बसत नाही, ते काळ्या बाजारात जाते, हे पक्के लक्षात आहे. धबधब्यांचाही काळा बाजार असतो. एका बंदीवाल्या धबधब्याच्या रस्त्यावर आम्हांला पोलिसांनी अडवले. आम्ही निमूट गाडी वळवली. पन्नास पावलांवर एक पोरगा उभा होता. म्हणाला, ‘काका, माणशी शंभर द्या, शेतातनं नेतो. थेट वरच्या अंगाला निघता.’ मी विचारले, ‘वाट कशी आहे?’ तर म्हणतो, ‘वाट अशी नाही, पण सगळे जातात.’ आमच्यादेखत दोन मोटारींतली दहा-बारा मंडळी हातात पिशव्या घेऊन त्याच्यामागे गेली. त्या पिशव्यांतून जो किणकिणाट येत होता तो देवपूजेच्या सामानाचा खास नव्हता. म्हणजे राजमार्गाला पोलीस, आणि शेवाळलेल्या कड्याच्या माथ्यावर कोणीच नाही!

बंदी पाळतो कोण? आम्ही. बायको, मुले, म्हातारी आई, डब्यात पोळीभाजी आणि पाठीवर नवा रेनकोट घेऊन निघालेली माणसे. पोलिसाने हात केला की आम्ही थांबतो. आयुष्यभर हात केला की थांबतच आलो आहोत. ज्याचा कड्यावर बंगला आहे त्याला धबधबा खिडकीतून दिसतो. ज्याच्या खिशात बाटली आहे त्याला शेतातली वाट सापडते. उरला तो वर्षातून एकदा फुकटात भिजू पाहणारा आमचा वर्ग. आणि उरली ती मक्याची कणसे भाजणारी बाई. तिचा पावसाळा दोन-तीन महिन्यांचा, त्यातला महिना आदेशात जातो.

यावर आमचे मॅनेजर म्हणतात, ‘अहो, लोकच नालायक आहेत, सरकार काय करील?’ लोक नालायक आहेत हे मला मान्य आहे. काउंटरच्या अलीकडे बसून मी ते रोज बघतो. समुद्राच्या ओल्या वाळूत मोटार घालून चाके फिरवणारे, मग भरतीचे पाणी दारापर्यंत आल्यावर गावातला ट्रॅक्टर शोधत पळणारे वीर कोकणात दर सुट्टीला दिसतात. गडावर ढोलाच्या आवाजाचा डबा नेऊन दरीला तेच गाणे परत म्हणायला लावणारे आहेत. भज्यांचा कागद ओढ्यात सोडून ‘काय निसर्ग आहे!’ म्हणणारे तर आमच्याच सोसायटीत आहेत. पण लोक शहाणे नाहीत म्हणूनच व्यवस्था लागते ना? लोकांना बेरीज बरोबर करता आली असती आणि स्लिप नीट भरता आली असती, तर बँकांनी क्लार्क कशाला नेमले असते?

बरे, फलक तरी असा लावा की वाचून माणसाला काही कळेल. ‘धोका’ या शब्दाची आपल्याकडे काय किंमत राहिली आहे? तो टँकरवर असतो, डी.पी.वर असतो, जिन्याखालच्या मीटरच्या पेटीवर असतो. त्याऐवजी लिहा की, बाबा रे, इथे ऊन असले तरी वर पाऊस असू शकतो. स्वच्छ पाणी एकाएकी गढूळ झाले, काटक्या आणि पाला वाहून येऊ लागला, आवाज वाढला, की मागे वळून न बघता काठावर ये. आणखी जागा असेल तर हेही लिहा की हा सह्याद्री साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थरावर थर साचून झाला आहे. काही थर कठीण, काही ठिसूळ. पाणी खालचा ठिसूळ थर कोरत नेते आणि वरचा कठीण थर पुढे छज्जासारखा लोंबत राहतो. आपल्याला जो सुंदर टप्प्याटप्प्यांचा धबधबा दिसतो तो याच कोरीवकामामुळे, आणि डोक्यात दगड पडतो तोही याचमुळे. एवढे वाचल्यावर धारेखाली डोके धरणारा निदान एकदा वर बघेल.

समुद्राचे तर गणित चौथीतल्या पोराला येईल असे आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. तिथून सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण. माझ्या वडिलांनी पट्टीच्या धाकाने माझ्याकडून पाऊणकी पाठ करून घेतली तेव्हा ती कॅलक्युलेटरच्या जमान्यात कशाला, असे मला वाटले होते. कोकणातल्या कोळ्याला हे जन्मतः येते. शहरातून गेलेल्या माणसाला येत नाही. मग किनाऱ्यावरच्या फळ्यावर रोज खडूने ‘आज भरती इतक्याला, ओहोटी इतक्याला’ एवढे लिहायला कोणती निविदा काढावी लागते? आमच्या शाखेत सोन्याचा भाव रोज फळ्यावर लिहितात. लिहिणाऱ्याच्या घरी सोने नसले तरी लिहितात.

हे सगळे अशक्य आहे असे म्हणाल तर जवळच कासचे पठार आहे. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेले आणि फुलांपेक्षा माणसेच जास्त उगवायला लागली. तिथे पठार बंद नाही केले. दिवसाला तीन हजार माणसे अशी मर्यादा घातली, आधी नोंदणी करायची, शुल्क भरायचे, गाड्या लांब लावायच्या, आणि आसपासच्या गावांतली माणसेच राखणीला. त्यात कटकटी नाहीत असे नाही. पण फुले आहेत आणि आपल्यालाही बघता येतात. गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर जीवरक्षक बसतात. लाल निशाण लावतात, शिट्टी मारतात, आणि शिट्टी मारूनही माणूस गेलाच आत तर मागोमाग आत जातात.

अर्थात गोव्याचे सगळेच उचलावे असे मी म्हणत नाही. जुलै २०२३ मध्ये दूधसागरकडे रुळांवरून चालत निघालेल्या मंडळींना रेल्वेच्या पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या. धबधबा गाडीच्या डब्यातूनच पाहावा, असे वर रेल्वेने सुचवले. रुळांवरून चालू नये हे बरोबरच आहे. पण आमच्या गुडघ्यांचे वय पाहता उठाबशांपेक्षा कड्यावरून घसरणे कमी त्रासाचे ठरेल.

खरे म्हणजे माणसे आपल्याकडेही आहेत. लोणावळ्याला कोणी दरीत पडले की रात्री-अपरात्री दोर घेऊन धावणारी शिवदुर्ग मित्र मंडळाची पोरे आहेत. स्वतःची नोकरी-धंदा सांभाळून ती हे करतात. अशी पोरे डोंगरातल्या बहुतेक तालुक्यांत निघतील. पण आपण त्यांना बोलावतो कधी, तर पडल्यावर. पडायच्या आधी त्यांना रविवारी कड्याशी उभे करावे आणि दिवसाची मजुरी द्यावी, हे आदेशाच्या मसुद्यात बसत नाही.

पैसे कुठून आणायचे, हा शेवटचा प्रश्न. तो बँकवाल्याला विचारू नये, कारण आम्ही उत्तर देतो. ज्या धबधब्यावर बंदी नव्हती तिथे मी गेल्या पावसाळ्यात गाडी लावायचे पन्नास रुपये भरले. पावती माझ्याकडे आहे. तिच्यावर ‘वाहन मालकाने स्वतःच्या जबाबदारीवर लावावे’ असे छापले आहे. म्हणजे पन्नास रुपये कशाचे, हे पावतीलाही ठाऊक नाही. रविवारी तिथे दोनशे गाड्या सहज लागतात. झाले दहा हजार. चार पोरे, दोर, शिट्ट्या, हजार रुपये रोजी: चार हजार. एक पोरगा वरच्या अंगाला, पाण्यावर नजर ठेवून, खाली फोन करणारा: आणखी हजार. सकाळपासून कचरा उचलणारी दोन माणसे: दीड हजार. उरले साडेतीन हजार, आणि खडूचे पाच रुपये वजा.

हा हिशेब मी हिला वाचून दाखवला. तिने पोळी लाटता लाटता ऐकला आणि विचारले, ‘संडास कुठे धरलाय यात?’ मी म्हटले, ‘तो भांडवली खर्च.’ ती म्हणाली, ‘तुम्हां पुरुषांना झाडं आहेत. आम्ही सकाळी सहाला निघतो ते पाणी न पिता. धबधब्याला जायचं आणि दिवसभर घोटभर पाणी प्यायचं नाही. आधी ते लिहा.’

साडेतीन हजार उरलेलेच आहेत. दर रविवारचे.