सिनेमाचं पार्श्वसंगीत, चाहत्यांची कव्हर्स आणि एआयने केलेला घोळ

जुलै २०२५ मध्ये 'रामायण' या आगामी हिंदी सिनेमाची पहिली झलक आली. रणबीर कपूर आणि यश यांच्याइतकीच चर्चा आणखी दोन नावांची झाली: ए. आर. रहमान आणि हान्स झिमर. पहिला भाग जाहीर झालाय दिवाळी २०२६ साठी. पण झलक आल्यावर काही दिवसांतच माझ्या फीडमध्ये या सिनेमाच्या साउंडट्रॅक अल्बमची कव्हर्स दिसायला लागली. चौकोनी, चकाचक, खाली दोन्ही संगीतकारांची नावं. अल्बमचा तर पत्ताच नव्हता! काही कव्हर्सवर 'फॅन मेड' असं लिहिलेलं होतं, बऱ्याच कव्हर्सवर काहीच नव्हतं.

या दोन प्रकारांतला फरक छोटा वाटतो, पण सध्या स्ट्रीमिंग अ‍ॅप्सवर जो गोंधळ चाललाय तो नेमका तिथूनच सुरू होतो. आधी पहिल्या प्रकाराबद्दल बोलू, कारण तो जुना आणि माझ्या मते फार चांगला छंद आहे.

बीजीएमवाले लोक

आपल्याकडे सिनेमाचं संगीत म्हटलं की गाणी. प्रसंगांच्या मागे वाजतं ते पार्श्वसंगीत, म्हणजे आपल्या भाषेत बीजीएम. ते वेगळं काढून ऐकणारी एक जमात जगभर आहे. मीही त्यातलाच. कोड लिहिताना शब्द असलेली गाणी नको वाटतात, मग 'इंटरस्टेलर' लावून बसायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो सिनेमा भारतात पुन्हा आयमॅक्सला लागला तेव्हा कळलं की अशी डोकी आपल्याकडेही भरपूर आहेत.

या लोकांची एक अडचण असते, आवृत्त्यांची. 'इंटरस्टेलर'चा अल्बम २०१४ मध्ये आला, मग २०२० मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती आली. 'ड्यून'साठी झिमरने २०२१ या एकाच वर्षात तीन वेगवेगळे अल्बम काढले. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चं हॉवर्ड शोअरचं संपूर्ण संगीत मूळ सिनेमांनंतर काही वर्षांनी, २००५ पासून वेगळ्या संचांत निघालं. अमेरिकेत ला-ला लँड रेकॉर्ड्स, इंट्राडा यांसारख्या कंपन्या जुन्या सिनेमांचं संगीत शोधून मर्यादित प्रतींच्या सीडी काढतात, बऱ्याचदा दोन-तीन हजारच. संपल्या की संपल्या.

मग चाहते काय करतात? स्वतःकडच्या दोन-तीन आवृत्त्यांमधले ट्रॅक सिनेमातल्या प्रसंगांच्या क्रमाने लावतात. अल्बमवर क्रम बहुतेक वेळा वेगळाच असतो. झाला तुमचा स्वतःचा अल्बम तयार. पण त्याला कव्हर कुठलं लावणार? जुनं लावलं तर मूळ अल्बम कुठला आणि आपण जुळवलेला कुठला ते कळत नाही. म्हणून नवीन कव्हर बनवायचं. स्वयंपाकघरात एकसारखे चार डबे असले की आई त्यावर चिठ्ठ्या चिकटवते ना, तसंच. कव्हर डिझाइनचा हा छंद सुंदर दिसण्याच्या हौसेपेक्षा या चिठ्ठीच्या गरजेतून वाढलाय.

चित्र फाइलच्या आत कसं बसतं?

एमपी३ फाइलमध्ये आवाजाच्या जोडीला माहितीचा एक छोटा कप्पा असतो, त्याला आयडी३ टॅग म्हणतात. गाण्याचं नाव, कलाकार, वर्ष हे त्यातच असतं. कव्हरसाठी त्यात वेगळी जागा आहे. तिथे चित्राचा फॉरमॅट, चित्राचा प्रकार, एक वर्णन आणि मग खुद्द चित्र अशा क्रमाने माहिती भरली जाते. प्रकारासाठी आकडे ठरलेत. ३ म्हणजे पुढचं कव्हर, ४ म्हणजे मागचं. आणि १७ म्हणजे 'चमकदार रंगाचा मासा'. खरंच! अधिकृत यादीत आहे. कोणाच्या तरी विनोदबुद्धीमुळे तो मासा तिथे आला आणि पुढे फ्लॅक या फॉरमॅटनेही तीच यादी उचलल्यामुळे तिथेही पोहायला लागला.

मुद्दा असा की फाइल तुमच्याकडे असेल तर कव्हर तुमच्या हातात असतं. एखाद्या टॅग एडिटर अ‍ॅपमध्ये फाइल उघडा, चित्र बदला, सेव्ह करा. आवाजाला धक्का लागत नाही.

स्ट्रीमिंगने नेमकी हीच गोष्ट काढून घेतली. तिथे कव्हर कंपनीच्या सर्व्हरवर असतं आणि अल्बमचं कव्हर तुम्ही बदलू शकत नाही. उद्या कंपनीने ते बदललं तर तुमच्या लायब्ररीतही गुपचूप बदलतं. स्पॉटिफायवर प्लेलिस्टला स्वतःचं कव्हर लावता येतं, म्हणून हा सगळा छंद आता प्लेलिस्टवर सरकलाय. यूट्यूब म्युझिकवर स्वतःच्या फाइल्स अपलोड करता येतात, अ‍ॅपल म्युझिकच्या कॉम्प्युटरवरच्या अ‍ॅपमध्ये लायब्ररीतल्या गाण्यांचं आर्टवर्क बदलता येतं. पण हे करणारे थोडे. बाकीच्यांसाठी कव्हर म्हणजे कंपनी देईल ते.

पोस्टर चौकोनात बसत नाही

एकदा तरी स्वतः कव्हर बनवून बघा, म्हणजे अधिकृत कव्हर्स किती आळसात बनतात ते लक्षात येईल. सिनेमाचं प्रमाणित पोस्टर २७ बाय ४० इंच, म्हणजे उभं. कव्हर चौकोनी. पोस्टर नुसतं कापलं तर उंचीचा जवळजवळ एक तृतीयांश भाग जातो, आणि त्या भागात सहसा सिनेमाचं नाव असतं किंवा आकाश असतं, ज्यामुळे त्या पोस्टरला श्वास मिळालेला असतो. चांगले डिझायनर म्हणून पोस्टर कापतच नाहीत. ते एकच वस्तू उचलतात, एक रंग उचलतात आणि चौकोन नव्याने मांडतात.

दुसरी अडचण आकाराची. एलपीचं कव्हर साधारण ३१ सेंटिमीटरचं, सीडीचं १२ सेंटिमीटरचं, आणि मोबाइलच्या यादीत दिसणारं कव्हर बोटाच्या नखाएवढं. १९४० च्या सुमारास अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस या डिझायनरने कोलंबिया रेकॉर्ड्ससाठी चित्रांची कव्हर्स सुरू केली. त्याआधी रेकॉर्ड्स साध्या, एकरंगी वेष्टनात विकल्या जायच्या. त्याच्यासमोर फूटभर जागा होती. आज तुम्ही ३००० बाय ३००० पिक्सेलचं चित्र बनवता, ते बघितलं जातं नखाएवढं. म्हणून बनवताना चित्र झूम आउट करून ६० पिक्सेलवर आणा. नाव वाचता आलं नाही तर मांडणी चुकली.

देवनागरीत हे आणखी अवघड. वर वेलांटी आणि रफार, खाली उकार, त्यामुळे ओळीला इंग्रजीपेक्षा जास्त उंची लागते, आणि जोडाक्षरं लहान आकारात काळे ठिपके होऊन बसतात. फॉन्ट जाड हवा पण आतल्या पोकळ्या मोकळ्या हव्यात. मुंबईच्या एक टाइपने बनवलेले 'मुक्ता' आणि 'बालू' हे फॉन्ट मोफत आहेत आणि या कामाला छान चालतात. फोटोशॉपमध्ये वेलांट्या भलतीकडे गेल्या तर आधी फॉन्ट बदलू नका, मजकुराच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय चालू आहे का ते बघा.

आपल्याकडे अल्बमच नसतो

परदेशी चाहता आवृत्त्या जास्त झाल्या म्हणून कव्हर बनवतो. आपली गोष्ट उलटी आहे. आपल्याकडे पार्श्वसंगीताचा अल्बम बऱ्याचदा निघतच नाही. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांमध्ये २००९ च्या सिनेमांपासून गाणी आणि पार्श्वसंगीत असे दोन वेगळे पुरस्कार आहेत. पहिल्याच वर्षी पार्श्वसंगीताचा पुरस्कार इलैयाराजांना 'पळशी राजा'साठी मिळाला. २०२५ मध्ये तो 'अ‍ॅनिमल'साठी हर्षवर्धन रामेश्वर यांना जाहीर झाला. म्हणजे सरकारला हे वेगळं काम आहे हे पटलंय, म्युझिक कंपन्यांना अजून पुरतं पटलेलं नाही. दक्षिणेत परिस्थिती बरी आहे. 'बाहुबली', 'केजीएफ' यांचं पार्श्वसंगीत खंड करून अधिकृतपणे निघालं. कोकणातल्या गोष्टीवरच्या 'तुंबाड'ला जेस्पर किड या डॅनिश संगीतकाराचं पार्श्वसंगीत आहे, 'हिटमॅन' आणि 'असॅसिन्स क्रीड' हे गेम खेळणाऱ्यांना त्याचं नाव माहीत असेल. मराठीत अजय-अतुलनी 'सैराट'च्या गाण्यांसाठी हॉलिवूडच्या स्टुडिओत ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला ही बातमी सगळ्यांनी वाचली, पण एकूण मराठी सिनेमात पार्श्वसंगीताचा स्वतंत्र अल्बम ही गोष्ट दुर्मीळच.

मग ही पोकळी चाहते भरतात. सिनेमातून आवाज काढायचा, मेटाच्या डेमक्ससारख्या मोफत एआय टूलने त्यातले संवाद जमेल तेवढे वेगळे करायचे, उरलेलं बीजीएम अपलोड करायचं. वर घरी बनवलेलं कव्हर. ऐकणाऱ्याला वाटतं अल्बम आलाय. संगीतकाराला एक रुपया मिळत नाही, आणि कधी कधी कव्हरवर त्याचं नावही नसतं, फक्त हिरोचा चेहरा.

एआय आल्यावर काय बदललं?

चांगलं कव्हर बनवायला पूर्वी संध्याकाळ जायची. एवढा वेळ घालवणारा माणूस बहुधा खरा चाहताच असायचा, त्यामुळे कव्हर नीटनेटकं असेल तर मागे कोणीतरी मेहनती माणूस किंवा खरी कंपनी आहे असं आपण नकळत धरून चालायचो. मार्च २०२५ मध्ये चॅटजीपीटीमध्ये नवीन चित्र-सुविधा आली, घिबलीच्या स्टाइलमधल्या फोटोंनी सगळ्यांचे फीड भरले, आणि हा अंदाज मोडला. आता एका मिनिटात अधिकृत वाटेल असं कव्हर बनतं. (देवनागरीची जोडाक्षरं अजूनही बऱ्याचदा फसतात, ही आपली एक गंमतशीर सोय. 'क्ष' विचित्र दिसला की समजायचं.)

आणि हे फक्त चित्रापुरतं नाही. डीझर या फ्रेंच स्ट्रीमिंग कंपनीने एप्रिल २०२५ मध्ये सांगितलं की त्यांच्याकडे रोज येणाऱ्या ट्रॅकपैकी १८ टक्के पूर्णपणे एआयने बनवलेले असतात. स्पॉटिफायने सप्टेंबर २०२५ मध्ये सांगितलं की आधीच्या वर्षभरात साडेसात कोटी स्पॅम ट्रॅक काढून टाकले. त्याच वर्षी 'द वेल्वेट सनडाउन' नावाचा बँड दहा लाखांवर मासिक श्रोते मिळवून बसला आणि मग कळलं की गाणी आणि फोटो, दोन्ही एआयचे. असा ट्रॅक यादीत आपल्याला आधी दिसतो तो त्याच्या चौकोनी चित्रातून.

त्यामुळे अल्बम खरा की खोटा हे ठरवताना कव्हर बघणं सोडून द्या. अल्बमच्या पानावर तळाशी जा. तिथे हक्कांची ओळ असते, त्यात म्युझिक कंपनीचं नाव आणि वर्ष असतं. ते नाव सिनेमाच्या अधिकृत गाण्यांवर असलेल्या कंपनीशी जुळतं का? संगीतकाराच्या नावावर टॅप केल्यावर त्याचं मूळ प्रोफाइल उघडतं, की त्याच नावाचं दोन अल्बमवालं रिकामं प्रोफाइल? ट्रॅकची नावं प्रसंगांची आहेत की 'बीजीएम १', 'बीजीएम २'? एवढ्यात बहुतेक वेळा उलगडा होतो.

कायद्याचं थोडक्यात. पोस्टर ही कलाकृती आहे आणि तिचे हक्क कोणाचे तरी असतात. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये खाजगी वापरासाठी सूट आहे, म्हणजे स्वतःच्या फोनवरच्या कव्हरसाठी पोलीस दारात येणार नाहीत. तेच कव्हर सार्वजनिक अपलोडवर लावलं, त्यातून पैसे कमावले, की गोष्ट वेगळी. चेहऱ्यांबाबत कोर्ट जास्त कडक होतायत. अनिल कपूर यांना २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आणि अरिजित सिंग यांना २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नाव, आवाज, प्रतिमा यांच्या गैरवापराविरुद्ध अंतरिम संरक्षण दिलं. हिरोचा चेहरा न वापरण्याचं हे एक व्यावहारिक कारण. माझं खरं कारण वेगळं आहे: पार्श्वसंगीताच्या कव्हरवर सगळ्यात मोठं नाव संगीतकाराचं हवं. अधिकृत कव्हर्सवर ते शोधावं लागतं. चाहत्यांच्या चांगल्या कव्हर्सवर ते पहिलं दिसतं, आणि या एका बाबतीत ते कंपन्यांच्या पुढे आहेत.

म्हणून 'रामायण'चं कव्हर बनवायची हौस असेल तर जरूर बनवा. फक्त 'चाहत्याने बनवलेलं' हे शब्द कॅप्शनमध्ये लिहून थांबू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर दोनदा फॉरवर्ड होईपर्यंत कॅप्शन गळून पडलेलं असतं, चित्र पुढे जात राहतं. ते शब्द चित्राच्या आतच लिहा, कोपऱ्यात, पण झूम केल्यावर वाचता येतील एवढे. आणि फाइलला कव्हर जोडत असाल तर आयडी३ मधल्या वर्णनाच्या जागेतही तेच टाका. ती जागा बहुतेक लोक रिकामीच सोडतात.