रूढीची सोडत

अमेरिकन लेखिका शर्ली जॅक्सन यांची ‘द लॉटरी’ ही लघुकथा ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकाच्या २६ जून १९४८ च्या अंकांत प्रसिद्ध झाली, आणि त्या उन्हाळ्यांत लेखिकेकडे तीनशेंहून अधिक पत्रें आलीं. पुष्कळ पत्रें गोंधळाचीं वा शिव्याशापांचीं होतीं. पण कांहींनीं अशी सोडत कोठें निघते व ती पाहावयास मिळेल काय, अशी पृच्छा केली होती! कथा काल्पनिक, पण पृच्छा खरी. म्हणून या कथेचा विचार करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

तीनशें वस्तीचें एक गांव. दर वर्षीं २७ जूनला चौकांत काळ्या पेटींतून चिठ्ठ्या निघतात, आणि काळा ठिपका ज्याच्या हातीं येईल त्यास गांवकरी दगडांनीं ठेचून मारतात. मक्याच्या पिकाविषयींची एक जुनी म्हण सोडली तर यास कारण कोणी देत नाहीं. मूळची पेटी हरवली, विधि विसरले गेले. दगड तेवढे ध्यानांत राहिले. शेजारच्या गांवीं सोडत बंद करण्याची चर्चा चालली आहे असें ऐकतांच, सत्त्याहत्तराव्या सोडतीस आलेला वृद्ध वॉर्नर त्या लोकांस मूर्ख ठरवितो. चालत आलें तेंच बरें मानण्याच्या या प्रवृत्तीचें शास्त्रीय विवेचन सॅम्युएल्सन व झेकहाउझर यांनीं १९८८ सालीं केलें. कथाकर्त्रीनें ती चाळीस वर्षें आधींच ओळखली होती.

कायद्याच्या दृष्टीनें पाहिलें तर सोडतीची पद्धत निर्दोष आहे. यादी तपासलेली, चालकास शपथ दिलेली, लहानथोरांस पेटी एकच. वशिला नाहीं, लबाडी नाहीं. पण पद्धत निःपक्षपाती असली म्हणून कृत्य न्याय्य ठरतें काय? रूढीचा खरा डाव येथेंच आहे. ‘पाळी कोणाची’ या प्रश्नांत ती लोकांस इतकें गुंतविते कीं, ‘ही पाळी असावीच कां’ हा प्रश्न कोणास सुचूंच नये.

टेसी हचिन्सन हंसत हंसत चौकांत येते. आपल्या घराची चिठ्ठी निघतांच ती अन्यायाची ओरड करते. पण तक्रार काय, तर नवऱ्यास चिठ्ठी निवडावयास पुरता वेळ मिळाला नाहीं! इतकेंच नव्हे, तर विवाहित मुलगी व जांवई यांसही सोडतींत घ्यावें, असा तिचा आग्रह. सोडत चुकीची आहे असें ती म्हणत नाहीं. शेवटीं तिच्याच धाकट्या मुलाच्या हातीं कोणीतरी चार खडे देतो.

आम्हीं या बाईस हंसूं नये. जातपंचायतीच्या बहिष्कारास वर्षानुवर्षें मान डोलावणारा गृहस्थही तो आपल्या दारीं आल्यावरच अन्याय म्हणतो. महाराष्ट्रांत सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे. परंतु कायद्यास फिर्यादी लागतो, आणि फिर्यादीस साक्ष देणारे शेजारी लागतात. म्हणून रूढीविषयीं ज्यास शंका असेल त्यानें आपली चिठ्ठी कोरी निघाली असतांच ती बोलून दाखवावी. ठिपका हातीं आल्यावर केलेली तक्रार खरी असली, तरी ती ऐकून घेणारा कोणी उरत नाहीं.