बोटीवरची मॅच

अलास्काच्या क्रूझहून आलो त्याला आता बराच काळ लोटला, पण अजूनही लग्नकार्यात भेटलेला एखादा नातेवाईक हमखास विचारतो, "काय रे, एवढे पैसे खर्चून अलास्काला गेलास आणि तिथे मॅच बघत बसलास म्हणे?" बातमी अर्थातच आमच्या घरातून फुटलेली आहे. कोणी फोडली ते लिहीत नाही, कारण ती हे वाचणार आहे.

तर मंडळी, एकदाच काय ते लिहून टाकतो. हो, मॅच बघितली. म्हणजे बरीचशी बघितली आणि उरलेली ऐकली. आणि क्रूझवर जाऊन थेट सामना बघण्यात करंटेपणा वगैरे काही नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

झालं असं की आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून लेकीने आणि जावयाने सिअ‍ॅटलहून निघणारी ही सफर आम्हाला भेट दिली. हिने सहा महिने आधीपासून ग्लेशियर बेबद्दल वाचून ठेवलं होतं. तिथे दिवसाला दोनच मोठ्या क्रूझ बोटी सोडतात, सकाळी नॅशनल पार्कचे रेंजर बोटीवर चढतात, मार्जरी नावाच्या हिमनदीसमोर बोट उभी करतात, वगैरे सगळं तिला तोंडपाठ. मी फक्त मान डोलवत होतो. आमचा ग्लेशियर बेचा दिवस होता २९ जून २०२४. टी-ट्वेंटी विश्वचषकाची फायनलही त्याच दिवशी निघाली. आता बुकिंग करताना मी क्रिकेटचं वेळापत्रक बघितलं नव्हतं हे खरं. पण बघितलं असतं तरी १९ नोव्हेंबर २०२३ला अहमदाबादेत जे झालं त्यानंतर भारत पुन्हा इतक्या लवकर फायनल खेळेल असं म्हणायची माझी छाती नव्हती.

बार्बाडोसला सकाळी साडेदहा म्हणजे सांगलीला रात्रीचे आठ आणि आमच्या बोटीवर पहाटेचे साडेसहा. बोट मार्जरीसमोर पोचणार साडेनऊच्या सुमारास. म्हणजे भारताची बॅटिंग निवांत बघता येणार आणि नेमकी शेवटची षटकं हिमनदीच्या डोक्यावर येणार. हिला हे सांगितलं तेव्हा ती काहीच बोलली नाही. तीस वर्षांत या न बोलण्याचा अर्थ मला चांगला कळायला लागला आहे.

आता मी तरी एवढा का हटून बसलो होतो? मी काही प्रत्येक मॅच बघणारा माणूस नाही. पण दादा आहे.

दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा, सांगलीला असतो. मधुमेहाने त्याच्या डोळ्यांचे पडदे गेले. उजेड-अंधार कळतो, समोर माणूस आहे एवढं कळतं, टीव्ही दिसत नाही. आता टीव्हीवरचं समालोचन हे डोळस माणसांसाठी असतं हे आपल्या कधी लक्षात येत नाही. चेंडू कुठे गेला हे ती मंडळी सांगतच नाहीत, कारण तो तुम्हाला दिसतो असं त्यांनी गृहीत धरलेलं असतं. नुसतं "वाह, क्या शॉट है!" आणि मग गोंगाट. दादाचा नातू शेजारी बसतो, पण त्याच्या समालोचनात दोनच शब्द: "सिक्स" आणि "गेला". त्यामुळे महत्त्वाची मॅच असली की मी पुण्याहून फोन लावतो, कानात ते यंत्र घालतो आणि दादाला मॅच सांगतो. मिडऑफ वर आलाय, स्लिप काढली, कीपर पुढे उभा आहे. लहानपणी आम्ही रेडिओवर बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकायचो, त्याची मी जमेल तशी नक्कल करतो. दादा मधेच दुरुस्त करतो. "डावा का उजवा ते आधी सांग की लेका!" अहमदाबादची फायनल आम्ही अशीच काढली. ट्रॅव्हिस हेडच्या १३७ धावा एकेक करून सांगताना माझा जीव मेटाकुटीला आला होता.

म्हणून मला थेट मॅच हवी होती. नंतर हायलाइट्स बघून दादाला काय सांगणार?

बोटीवर मॅच बघायची म्हणजे काय काय करावं लागतं हे मला आधी माहीत नव्हतं. बोटीवरच्या टीव्हीवर कुठले सामने दाखवायचे हे हक्कांवर ठरतं, आणि अमेरिकेच्या किनाऱ्याने जाणाऱ्या बोटीला क्रिकेटचं काय पडलंय! खालच्या मजल्यावरच्या मोठ्या बारमध्ये आठ-दहा पडदे होते आणि आठ वाजल्यापासून सगळ्यांवर युरो कपचा स्वित्झर्लंड-इटली सामना चालू झाला. भारतातलं अ‍ॅप परदेशात उघडत नाही. अमेरिकेत क्रिकेट दाखवतो तो विलो टीव्ही, त्याची वर्गणी जावयाने भरलेली होती, ती कामी आली. इंटरनेटचे पैसे दिवसावर वेगळे आणि तेही एका वेळी एकच यंत्र. जावई सांगत होता की पूर्वी इथे हे शक्यच नव्हतं. जुने उपग्रह विषुववृत्तावर छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर एका जागी उभे. अलास्काएवढं उत्तरेला आलं की ते दक्षिणेच्या क्षितिजावर जेमतेम बावीस-तेवीस अंश वर दिसणार, आणि खाडीत शिरलं की तेवढंही डोंगर झाकणार. आता स्टारलिंकचे उपग्रह साडेपाचशे किलोमीटरवरून एकामागून एक डोक्यावरून जात असतात, त्यामुळे डोंगराचा तेवढा त्रास नाही.

तर साडेसहाला मी बारच्या कोपऱ्यात टॅब्लेट उभा करून बसलो. कॉफी आणून देणारा मुलगा गोव्याचा निघाला, मडगावकडचा. बोटीवर नोकरी करणाऱ्याला गोव्यात तारवटी म्हणतात, आणि याच्या घरात बाप तारवटी, मामा तारवटी. नऊ महिने घर सोडून असलेला तो पोरगा दर दहा मिनिटांनी टेबल पुसायला येत होता. माझं टेबल त्या दिवशी जितकं पुसलं गेलं तितकं आमच्या घरी दिवाळीलाही पुसलं जात नाही. रोहित गेला, पंत गेला, सूर्या गेला, ३४ वर ३. तो म्हणाला, "सर, आता मी येत नाही. मी आलो की विकेट जाते." आणि खरंच तो लांबूनच बघत राहिला. कोहलीचे ७६ आणि अक्षरचे ४७ त्याने पंधरा फुटांवरून, मान वाकडी करून बघितले.

दादाला फोन लावला तेव्हा खरी गंमत कळली. मी म्हणतोय "महाराज चेंडू टाकायला येतोय", आणि पलीकडे सांगलीला नातू ओरडतोय "गेला!" माझं चित्र पाऊण मिनिट मागे होतं. हा उशीर उपग्रहाचा नसतो बरं का. अ‍ॅपवाले चित्राचे तुकडे करतात, थोडे साठवतात आणि मग दाखवतात, त्याचा असतो. थोडक्यात, डोळे असून मी मागे आणि डोळे नसलेला दादा पुढे. दोन-तीन षटकं मी प्रामाणिकपणे शिळं समालोचन केलं. मग दादा म्हणाला, "तू राहू दे. मीच सांगतो तुला." आणि हसायला लागला. बऱ्याच दिवसांनी असा हसला.

साडेनऊच्या सुमाराला ही खाली आली. हातात माझं जाड जाकीट. त्या वेळी क्लासेनसमोर अक्षरच्या एका षटकात २४ धावा गेल्या होत्या आणि आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० धावा हव्या होत्या, सहा विकेट हातात. तिने जाकीट खुर्चीच्या पाठीवर ठेवलं आणि काही न बोलता वर निघून गेली. मी दोन मिनिटं पडद्याकडे बघत बसलो. मग टॅब्लेट मिटला. खोटं कशाला बोलू, मोठ्या मनाने उठलो नाही. मॅच गेली असं वाटलं म्हणून उठलो. जिंकत असतो तर उठलो असतो का, हा प्रश्न हिने मला नंतर विचारला, आणि त्याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही.

वर डेकवर मार वारा. समोर मार्जरी. मैलभर रुंद आणि पाण्याच्या वर सुमारे अडीचशे फूट उभी बर्फाची भिंत. कर्ण्यावर रेंजरबाई सावकाश सांगत होत्या की १७९४ साली व्हँकुव्हरची माणसं इथे आली तेव्हा ही खाडीच नव्हती, तोंडापाशीच बर्फाची भिंत होती, आणि पुढच्या सव्वाशे वर्षांत ती पासष्ट मैल मागे सरली. बाईंचं बोलणं अगदी जुन्या रेडिओसारखं होतं. डावीकडे बघा, त्या काळ्या पट्ट्याच्या वर, तिथे भेग वाढते आहे. आपल्याला दिसतंय असं गृहीत न धरता सांगणारी बाई! मला फार आवडली ती.

कानात दादा होता. फोन मी बंद केला नव्हता.

इथून पुढची मॅच मी बघितलेली नाही. हार्दिकने क्लासेनला काढला, बुमराने यान्सनचा त्रिफळा उडवला, हे सगळं मला सांगलीहून कळत गेलं. नातू "गेला" म्हणायचा, वहिनी, जिने जन्मात कधी क्रिकेटकडे लक्ष दिलं नाही, ती कुठे गेला, कोणी धरला ते सांगायची, आणि दादा ते सगळं जुळवून, आवाज लावून मला सांगायचा. शेवटच्या षटकात १६ हव्या होत्या. "हार्दिक निघाला... फुलटॉस... मिलरने उचललाय, लाँगऑफला उंच... सूर्या धावतोय..." आणि मग दादा एकदम गप्प. मागे नुसता गलका. मी इकडे कठडा धरून. "धरला! नाही, सोडला वर... बाहेर गेला... आत आला, धरला! थांब, थांब, तिसऱ्या पंचाकडे गेलेत."

त्या थांबलेल्या वेळात दादा म्हणाला, "तिकडं काय दिसालंय?"

मी सांगायला लागलो. बर्फ पांढरा नाहीये दादा, निळा आहे. आई धोतराला नीळ घालायची ना, बादलीत ती पहिली पुडी सोडली की व्हायचा तसा. मधेमधे मातीचे काळे पट्टे. खाली पाण्यात तुकडे तरंगतायत, त्यावर पक्षी बसलेत. उंची सांगू? आपल्या गणपती मंदिराच्या शिखरापेक्षा... आणि तेवढ्यात उजव्या कडेचा एक तुकडा सुटला. फार मोठा नव्हता. तो खाली पडताना दिसला, पाणी उडालं, आणि मग दीडेक सेकंदाने आवाज आला, तोफेसारखा. डेकवरची सगळी माणसं "ओऽऽऽ" करून ओरडली.

"काय झालं रे? आउट दिला काय?" दादा.

"बर्फ पडला, दादा."

"ऐकला मी," तो म्हणाला. "हितपर्यंत आला की आवाज." आणि त्याच्या मागे गल्लीत फटाके सुरू झाले, म्हणजे मिलर आउट होता.

सात धावांनी जिंकलो. ही शेजारीच उभी होती. तिने फोन माझ्या कानातून काढून घेतला आणि दादाला बर्फाबद्दल मी न सांगितलेलं बरंच काही सांगितलं. खाली गेलो तर गोव्याचा पोरगा दोन्ही हात वर करून उभा.

तर आता ते करंटेपणाचं. त्या डेकवर कित्येक माणसं तासभर हिमनदीकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढत होती, त्यांना कोणी नावं ठेवत नाही. निसर्ग म्हणजे पवित्र आणि मॅच म्हणजे टाइमपास, ही वाटणी कोणी केली? हिमकडा कोसळणं आणि शेवटचं षटक, दोन्ही एकदाच घडतं आणि कोणासाठी थांबत नाही. उलट बाजूने, पोहण्याच्या तलावावर भिंतीएवढा पडदा लावून दिवसभर खेळ चालू ठेवणाऱ्या बोटीही मला पटत नाहीत. तिथे कोणी कोणाबरोबर बघत नसतं, नुसतं चालू असतं. बोटवाल्यांनी पडदे कमी केले तरी चालतील, फोन तेवढा लागू द्यावा. १९८३ साली आमच्या घरी टीव्ही नव्हता. कपिलने उलटं धावत रिचर्ड्सचा झेल घेतला तो आम्ही दोघांनी रेडिओवरच ऐकला आणि कित्येक दिवसांनी कुठेतरी बघितला. सूर्याचा झेलही मी त्या रात्री जेवणानंतर बघितला. चांगला आहे. पण दादाने सांगितला तेव्हा सूर्या जास्त लांबून धावत आला होता.

याचा एक दुष्परिणाम मात्र झाला. २ नोव्हेंबर २०२५ला महिलांची विश्वचषकाची फायनल नवी मुंबईत होती, पुन्हा समोर दक्षिण आफ्रिकाच. आमच्या सांगलीची स्मृती मानधना खेळणार म्हणून मी मुद्दाम दादाकडे गेलो. आता पाऊण मिनिटाचा उशीर नाही, शेजारी बसून सांगायचं. पावसाने सामनाच दोन तास उशिरा सुरू झाला. वोल्वार्टने शतक केलं, काही केल्या आउट होईना. दादा माझ्याकडे तोंड वळवून म्हणाला, "तू मागल्या वेळी उठलास तेव्हा जिंकलो होतो. जा, जरा गच्चीत उभा राहा."

"मग तुला सांगणार कोण?"

"मी सांगतो की तुला. जा."

रात्री साडेअकराच्या पुढे, नोव्हेंबरच्या थंडीत, मी गच्चीत उभा होतो. खिडकीतून दादाचा आवाज येत होता.