देणगी नव्हे, वर्गणी

प्रवेशाच्या दिवसांत आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. हिंगोलीच्या किंवा वाशीमच्या एखाद्या मुलाचा दिल्लीच्या नाहीतर हैदराबादच्या विद्यापीठात नंबर लागलेला असतो. फी भरायला दोन दिवस उरलेले असतात आणि घरात तेवढे पैसे नसतात. मेसेजच्या खाली गूगल पेचा नंबर. कुणी पाचशे टाकतं, कुणी पाच हजार. संध्याकाळपर्यंत रक्कम जमते, पावतीचा फोटो येतो, सगळे ‘जय भीम’ लिहितात आणि ग्रुप शांत होतो. मीही असेच पाचशे टाकून अनेकदा मोकळी झाले आहे.

मग ऑक्टोबर येतो. स्कॉलरशिप जमा झालेली नसते, मेसचं बिल थकलेलं असतं. सेमिनारमध्ये इंग्रजीत बोलायची वेळ आली की तो मुलगा मागच्या बाकावर सरकतो. गाईड भेटायला वेळ देत नाही. यातल्या कशाचाही मेसेज ग्रुपवर येत नाही, कारण एकदा घेतल्यावर पुन्हा मागायची लाज वाटते. ज्यांनी फी भरली त्यांच्यापैकी कुणी त्याला फोन करत नाही. यात वाईट कुणीच नसतं. ते काम कुणाकडे सोपवलेलंच नसतं, एवढंच.

2016 मध्ये रोहित वेमुला गेला. त्याने मागे ठेवलेल्या पत्रात सात महिन्यांची फेलोशिप यायची बाकी असल्याचा उल्लेख आहे. त्याच्या मृत्यूला तेवढंच कारण नव्हतं, विद्यापीठाच्या वसतिगृहातून बाहेर काढलं जाणं होतं, बहिष्कार होता. पण सात महिने हा फार मोठा काळ आहे. एका संध्याकाळी जमवलेल्या पैशांनी तो भरून निघत नाही.

आपल्या पहिल्या पिढीचे पदवीधर देत नाहीत, हा आरोप मला मान्य नाही. ते देतात, आपल्या ऐपतीपेक्षा जास्त देतात. चुकते ती देण्याची रीत. आपण देणगीदार होतो, सभासद राहत नाही. हा फरक काय असतो ते समजून घ्यायला अमेरिकेतल्या काळ्या विद्यार्थ्यांच्या संघटनांकडे पाहता येईल.

‘फ्रॅटर्निटी’ म्हटलं की आपल्याला हॉलिवूडच्या सिनेमातली, पार्ट्यांमध्ये धिंगाणा घालणारी गोरी मुलं आठवतात. शब्दाचा अर्थ बंधुता, आपल्या संविधानाच्या उद्देशिकेतली तीच बंधुता. पण या संघटना मुळात सुखवस्तू गोऱ्या मुलांच्या होत्या. काळ्यांना आणि ज्यूंना प्रवेश नाही, असं त्यातल्या अनेकींच्या नियमांत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लिहिलेलं होतं. जुन्या सभासदांनी नव्यांना नोकरीला लावायचं, नव्यांनी पुढच्यांना. ही साखळी कशी चालते ते आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. आपल्याकडे तिला ‘मेरिट’ म्हणतात.

काळ्या विद्यार्थ्यांनी हेच साधन उचललं आणि त्याचा उपयोग बदलला. न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठात 1906 मध्ये सात विद्यार्थ्यांनी ‘अल्फा फाय अल्फा’ स्थापन केली. त्याआधी तो एकमेकांना अभ्यासात टिकवून धरणारा एक गट होता, कारण गोऱ्यांच्या विद्यापीठात एकटा पडलेला विद्यार्थी शिक्षण अर्धवट सोडून घरी जात होता. पाचच वर्षांत, 1911 मध्ये, केंटकीतल्या लुईव्हिल शहरात या संघटनेची पदवीधरांची पहिली शाखा निघाली. माझ्या मते खरी कल्पकता इथे आहे. पदवी मिळाली म्हणून सभासदत्व संपत नाही. तुम्ही शहरात नोकरीला लागता, तिथल्या पदवीधर शाखेत जाता, वर्गणी भरता. कॉलेजातल्या शाखेला पदवीधर शाखेतला एक सल्लागार नेमून दिलेला असतो. अडचणीतल्या मुलाला फोन कुणी करायचा, हा प्रश्न तिथे निदान कागदावर तरी सुटलेला असतो.

यातून काय उभं राहिलं? मेरीलँड विद्यापीठाच्या कायदा महाविद्यालयाने डोनाल्ड मरे या काळ्या पदवीधराला प्रवेश नाकारला. 1935 मध्ये तो खटला उभा राहिला तेव्हा ही संघटना त्याच्या पाठीशी होती, आणि लढणारे वकील चार्ल्स ह्यूस्टन व थर्गुड मार्शल तिचेच सभासद होते. मरेला प्रवेश मिळाला. ‘अल्फा कप्पा अल्फा’ ही 1908 मध्ये सुरू झालेली विद्यार्थिनींची संघटना. तिच्या शिकलेल्या सभासद 1935 पासून अनेक उन्हाळे मिसिसिपीत गेल्या आणि वाट्याने शेती करणाऱ्या काळ्या कुटुंबांसाठी त्यांनी दवाखाने चालवले. मळेवाले मजुरांना दवाखान्यात जाऊ देईनात, तेव्हा यांनी मोटारींतून दवाखानाच मळ्यावर नेला. बाबासाहेबांनी 1946 मध्ये ज्यांना पत्र लिहिलं ते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईसही अल्फाचे सभासद होते.

या संघटनांचे दोषही लपवण्यासारखे नाहीत. नव्या मुलांचा छळ करून त्यांना ‘आत’ घेण्याची प्रथा तिथे रुजली, त्यात जीवही गेले. 1990 मध्ये या संघटनांनी मिळून ती जुनी पद्धत बंद करायचं ठरवलं, तरी चोरून छळ चालूच राहिला. दुसरा दोष वर्गाचा. ई. फ्रँकलिन फ्रेझर या काळ्या समाजशास्त्रज्ञाने 1957 च्या ‘ब्लॅक बुर्झ्वाझी’ या पुस्तकात शिकलेल्या काळ्या मध्यमवर्गाच्या दिखाऊपणावर कठोर टीका केली होती. निवडक लोकांची बंधुता सहज गर्वाची होते. आपणही त्यातून सुटलेलो नाही. आपले माजी विद्यार्थ्यांचे ग्रुप बघा, जिल्ह्याचे आणि पोटजातीचे असतात.

म्हणून अमेरिकेची नक्कल करायची गरज नाही. आपल्याकडे त्याहून चांगला शब्द आहे, वर्गणी. जयंतीच्या आधी पोरं पावतीपुस्तक घेऊन वस्तीत घरोघर फिरतात. धुणीभांडी करणारी आजी वीस रुपये देते, पावती मागून घेते आणि वर विचारते, “मागच्या वर्षाचा हिशोब कुठाय रे?” वीस रुपयांत तिने तो अधिकार मिळवलेला असतो. बहिष्कृत हितकारिणी सभेने स्थापनेनंतर वर्षभरातच, 1925 मध्ये, सोलापुरात वसतिगृह सुरू केलं. कांशीराम यांनी 1978 मध्ये बामसेफ उभी केली ती सरकारी नोकरीतल्या शिकलेल्यांनी आपला पैसा, वेळ आणि बुद्धी समाजाला परत द्यावी म्हणून. ‘पे बॅक टू सोसायटी’ हे शब्द आपल्या तोंडी आजही असतात. त्यामागची नियमितता मात्र हरवली.

यावर एक आक्षेप खरा आहे. पहिल्या पिढीच्या पगाराला आधीच दहा वाटेकरी असतात: वडिलांचं कर्ज, बहिणीचं लग्न, गावाकडचं गळकं छप्पर, धाकट्याची फी. सवर्ण मित्राचा पहिला पगार त्याचा एकट्याचा असतो, आपला कधीच नसतो. म्हणूनच रक्कम छोटी हवी आणि दर महिन्याची हवी. एका विद्यापीठातून बाहेर पडलेल्या पन्नास जणांनी महिन्याला दोनशे रुपये दिले तर दहा हजार होतात. स्कॉलरशिप येईपर्यंत दोन-तीन मुलांचं मेसचं बिल त्यात उसनं भरता येतं. स्कॉलरशिप आली की पैसे परत निधीत येतात आणि पुढच्याच्या कामाला लागतात.

पैशापेक्षा नियम महत्त्वाचे आहेत. गट विद्यापीठाचा असावा, पोटजातीचा किंवा जिल्ह्याचा नको. दिल्लीत शिकणाऱ्या मराठी मुलीला मदतीचा हात तमिळ किंवा तेलुगू सीनियरचाही असू शकतो. प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला एक माणूस नेमून द्यावा, आणि त्याने महिन्यातून एकदा फोन करायचाच. हिशोब दर महिन्याला सगळ्यांसमोर यावा. मदत घेणाऱ्याचा फोटो काढू नये. पैसे देतो म्हणून विद्यार्थ्यांनी कोणतं आंदोलन करावं नि कोणतं करू नये, हे देणाऱ्याने सांगू नये. फोन करायचं काम बायकांकडे आणि निधी पुरुषांकडे, अशी वाटणीही नको. आणि ज्याने काल मदत घेतली त्याने नोकरी लागल्यावर आपली वर्गणी सुरू करावी. उपकार फेडायचे म्हणून नाही, तो आधीपासूनच सभासद होता म्हणून.

यंदाही प्रवेशाच्या दिवसांत तो मेसेज येईल. पैसे टाकाच. पण त्याच दिवशी त्या मुलाचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवून ठेवा, आणि ऑक्टोबरमध्ये त्याला विचारा, मेसचं काय झालं?