विश्लेषण : ‘ऑटोमॅटिक’ ब्रेक असूनही उतारावर ट्रक का थांबत नाही?

पुण्यातील नवले पुलाजवळ १३ नोव्हेंबर २०२५ रोजी कंटेनर ट्रकचा ताबा सुटून झालेल्या अपघातात किमान आठ जणांचा बळी गेला. अशा प्रत्येक अपघातानंतर ‘ब्रेक फेल’ची चर्चा सुरू होते. अपघाताची कारणे वेगवेगळी असतात. मात्र जड वाहनांचे ब्रेक बहुधा एका क्षणात निकामी होत नाहीत, त्यांची ताकद हळूहळू कमी होत जाते. ती का, आणि स्वतःहून जुळणाऱ्या यंत्रणेने हा प्रश्न सुटतो का?

जड वाहनांचे ब्रेक कसे चालतात?

बहुतेक ट्रक, ट्रेलर आणि बसना हवेच्या दाबावर चालणारे ड्रम ब्रेक असतात. पेडल दाबले की दाबाखालची हवा ब्रेक चेंबरमध्ये शिरते आणि एक दांडा पुढे ढकलते. हा दांडा ‘स्लॅक ॲडजस्टर’ नावाची तरफ फिरवतो. त्यामुळे लायनर ड्रमवर दाबले जातात आणि चाक थांबते.

वापराने लायनर झिजतात आणि लायनर व ड्रममधील फट वाढते. ती भरून काढायला दांड्याला जास्त पुढे जावे लागते. ठरावीक मर्यादेनंतर त्याचा जोर झपाट्याने घटतो.

घाटातच धोका का वाढतो?

सतत ब्रेक दाबल्याने ड्रम तापतो, प्रसरण पावतो आणि फट आणखी वाढते. तापलेल्या लायनरची पकडही कमी होते. सपाट रस्त्यावर हलका ब्रेक लावताना चालकाला काहीच जाणवत नाही, कारण हवेच्या पेडलवरून फटीचा अंदाज येत नाही. उणीव उघड होते ती थेट लांब उतारावर. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार असाच आहे.

हाताने की आपोआप?

जुन्या पद्धतीत मेकॅनिक गाडीखाली जाऊन पान्याने ॲडजस्टरचा नट फिरवतो आणि ब्रेक टाइट करतो. हे काम वेळच्या वेळी, प्रत्येक चाकावर सारखेच व्हावे लागते. एखादे चाक ढिले राहिले की त्याचा भार उरलेल्या चाकांवर येतो.

ऑटोमॅटिक ॲडजस्टर ब्रेक लावताना वाढलेली फट स्वतःच भरून काढतो. अमेरिकेत २० ऑक्टोबर १९९४ पासून एअर ब्रेकच्या नव्या वाहनांना तो बंधनकारक आहे. भारतातही नव्या जड वाहनांत तो सर्रास दिसतो.

मग गफलत कुठे होते?

ऑटोमॅटिक ॲडजस्टर असूनही दांडा जास्त पुढे येत असेल, तर दोष दुसरीकडे असतो. कॅमशाफ्टचे बुश झिजलेले असतात, पिन ढिली असते किंवा ॲडजस्टरच बिघडलेला असतो. अशा वेळी पाना लावून तो टाइट केला की फट तात्पुरती कमी होते, मूळ दोष मात्र झाकला जातो. थोड्याच दिवसांत ब्रेक पुन्हा ढिले होतात.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात ग्लेन रॉक येथे ११ एप्रिल २००३ रोजी एक डम्पर उतारावर थांबू शकला नाही. त्यात दोघांचा मृत्यू झाला. तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात मेकॅनिकांनी ब्रेकचा मूळ बिघाड ओळखला नसल्याचे आढळले. असे ॲडजस्टर हाताने टाइट करण्याच्या धोक्याबाबत पुरेशा सूचना नसल्यावरही मंडळाने बोट ठेवले.

उपाय काय?

गाडी सपाट जागी उभी करून, चाकांना दगड लावून, पूर्ण ब्रेक दाबल्यावर दांडा किती पुढे येतो हे मोजणे ही साधी तपासणी आहे. अमेरिकी नियमांत सर्वसाधारण ३० क्रमांकाच्या चेंबरसाठी ही मर्यादा दोन इंच, म्हणजे सुमारे ५० मिलिमीटर आहे. चालकाने घाट उतरताना गाडी न्यूट्रल न करणे, खालच्या गिअरमध्ये ठेवणे आणि एग्झॉस्ट ब्रेक वापरणे गरजेचे आहे.

ऑटोमॅटिक यंत्रणेमुळे रोजची पाना फिरवण्याची मेहनत वाचते, तपासणीची नाही. ब्रेक वारंवार टाइट करावे लागत असतील, तर ती गाडी घाटात नेण्याआधी गॅरेजमध्ये उघडून बघायला हवी. मालाची खेप एक दिवस उशिरा पोहोचली तरी चालेल, हे ठरवण्याचा अधिकार मात्र बहुतेकदा चालकाकडे नसून मालकाकडे असतो.