अवघड कादंबरी : वाचावी की सोडावी?

भालचंद्र नेमाडे यांची ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ 2010 साली प्रसिद्ध झाली. तिच्याविषयी हिरिरीने बोलणारे पुष्कळ. तिच्या शेवटच्या पानापर्यंत पोहोचलेले मात्र थोडेच भेटतात. सुमारे सहाशे पृष्ठांचा हा ग्रंथ हाती घ्यावा की नाही, हा प्रश्न भंडाऱ्याच्या वाचकालाही पडतो, आणि तो क्षुल्लक नाही. दिवसाचे काम उरकून रात्री तासभर वाचणाऱ्यासाठी तो दोन महिन्यांचा संकल्प असतो.

या कादंबरीचा धसका घेण्याचे कारण तिच्या शब्दांत नाही, रचनेत आहे. मोहेंजोदडोच्या उत्खननात रमलेला खंडेराव वडील अत्यवस्थ असल्याचे कळताच खानदेशातील मोरगावाकडे निघतो, एवढेच तिचे कथानक. बाकी सारा पसारा आठवणींचा, लोककथांचा, भाऊबंदकीचा आणि वादविवादांचा. गोष्ट पुढे सरकत नाही, खोल उतरते. ‘पुढे काय झाले?’ एवढेच विचारणारा वाचक पन्नास पानांतच वाट चुकतो आणि दोष स्वतःच्या बुद्धीला देतो.

वस्तुतः असे खोल उतरणे या जिल्ह्याला अपरिचित नाही. 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी पवनीला उत्खनन केले, जगन्नाथ टेकडीच्या मातीखालचा स्तूप उजेडात आणला, आणि शां. भा. देव व जगत्पती जोशी यांचा अहवाल 1972 साली निघाला. उत्खनन करणारा प्रत्येक खापराकडे कथा मागत नाही. ते कोणत्या थरात सापडले याची नोंद करून तो पुढचा थर उकरतो. ‘हिंदू’ वाचण्याची रीत हीच आहे. रोज दहा पाने वाचावीत, आणि सारे ध्यानात राहिलेच पाहिजे हा हट्ट सोडावा.

दुसरी गोष्ट भाषेची. झाडीबोली बोलणाऱ्या मुलाला ‘शुद्ध बोल’ म्हणून दटावण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. खानदेशातील शेतकऱ्याघरच्या बोलीला संकोच न बाळगता ग्रंथात मानाचे स्थान देणारी ही कादंबरी म्हणूनच येथील वाचकाला विशेष जवळची वाटावी.

नेमाड्यांना 2014 चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला म्हणून ती वाचलीच पाहिजे, असे आम्ही म्हणणार नाही. तिचे पाल्हाळ काही ठिकाणी खरोखरच थकवते, तिच्यातील मते अनेकांना पटणार नाहीत. शंभर पाने मनापासून वाचून कोणी ती मिटली, तर त्याने कोणताही अपराध केलेला नाही. परंतु ऐकीव भीतीने पहिले पानही न उलटणे म्हणजे आपला निर्णय दुसऱ्याच्या हाती देणे होय.

या कामी ग्रंथालयांचीही जबाबदारी आहे. 1967 च्या अधिनियमाने महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांना कायद्याचा आधार दिला. पण आठ-पंधरा दिवसांत पुस्तक परत करण्याचा दंडक जेथे असेल, तेथे एवढा ग्रंथ नेणारा वाचक निम्म्यावरच थांबणार. अशा मोजक्या ग्रंथांना दोन महिन्यांची मुदत देण्याचा ठराव कार्यकारी मंडळांना सहज करता येईल. त्याला पैसा लागत नाही. वाचकाला धीर हवा असेल, तर ग्रंथालयाने निदान अवधी तरी द्यावा.