आधण, उकळी आणि चिप

आपल्या मंडळाच्या अंकासाठी कविता भरपूर येतात, ललित लेखही येतात. विज्ञानावर मात कुणी लिहीत नाही. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं : "ते मराठीत कसं लिहिणार? आपलं मराठी म्हणजे स्वयंपाकघरातलं!" माझं म्हणणं असं की तेच मराठी या कामाला चांगलं पुरतं. उदाहरणासाठी उकळण्याचाच विषय घेऊ.

हैदराबादभोवती मोठमोठी डेटा सेंटरं उभी राहिली आहेत. तिथल्या ताकदवान चिप्सची उष्णता अगदी लहानशा जागेतून बाहेर काढावी लागते आणि नुसता पंखा तिथे अपुरा पडतो. १९८१ साली स्टॅनफर्डमध्ये टकरमन आणि पीस या दोघांनी सिलिकॉनमध्ये साधारण केसाएवढ्या, ५० मायक्रोमीटर रुंदीच्या नाल्या कोरल्या, त्यांतून पाणी खेळवलं आणि दर चौरस सेंटिमीटरमागे ७९० वॅट उष्णता काढून दाखवली. ते पाणी उकळत नव्हतं, फक्त तापत होतं.

उकळू दिलं तर? एक किलो पाणी १० अंशांनी तापवायला सुमारे ४२ किलोज्यूल लागतात. तेच पाणी १०० अंशांवर पूर्ण वाफ व्हायला सुमारे २२५७ लागतात आणि तेवढ्यात तापमान मुळीच वाढत नाही. आधण आलं की गॅस कितीही मोठा करा, पाणी आणखी तापत नाही, हे आजीला पाठच असतं. पुस्तकात त्याला गुप्त उष्णता म्हणतात. चिपसाठी १०० अंश फार होतात, म्हणून ५०-६० अंशांना उकळणारे, वीज न वाहू देणारे द्रवही वापरतात. त्यांची गुप्त उष्णता पाण्यापेक्षा बरीच कमी, पण तत्त्व तेच.

मग सगळीकडे हेच का करत नाहीत? कारण अरुंद नालीत बुडबुड्याला फुगायला जागा नसते. तो लांबट होतो, द्रवाला पुढे ढकलतो तसाच मागेही रेटतो. द्रव शेजारच्या नाल्यांकडे वळतो आणि ही नाली कोरडी पडते. भिंतीवरचा ओलावा संपला की तापमान झपकन चढतं. फार तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब चर्र न होता नाचत राहतो ना? खाली वाफेचा थर आल्यामुळे तव्याची उष्णता त्याच्यापर्यंत नीट पोचत नाही. वाफ मधे आली की उष्णता अडते, तोच हा प्रकार. उपाय म्हणून नालीचं तोंड मुद्दाम अरुंद करतात, म्हणजे बुडबुडा मागे सरकत नाही. बदल्यात पंपाला जास्त जोर लावावा लागतो.

एवढं सांगताना मराठी कुठे अडलं का? चिप, पंप, वॅट हे शब्द उसने घेतले, त्यात लाज कसली?

आणि हे आपण हैदराबादेत बोलतोय. १९१८ साली सुरू झालेल्या इथल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यम उर्दू होतं. पुस्तकं उर्दूत आणायला वेगळा विभाग होता. तेव्हा त्यामागे राज्यसत्ता होती, आपल्यामागे ती नाही, हे खरं. पण अंक तर आपला आहे!

घरात मराठी बोलणारी आपली पिढी कॉलेजात शिकलेलं घरी सांगत नाही. हे असंच चाललं तर मराठी सणावारापुरती उरेल. म्हणून माझी सूचना : पुढच्या अंकापासून दोन पानं विज्ञानासाठी राखून ठेवा. इंजिनिअरिंग आणि बी. एस्सी.च्या मंडळींनो, आपापल्या विषयातली एक गोष्ट आईला कळेल अशी लिहा. तिला कळली नाही, तर आपल्याला तरी ती कितपत कळली आहे?